तीन औषधांचा प्राध्यापक

क्षयाच्या रुग्णाला एका वेळी तीन-चार औषधं कशाला, एकच जालीम गोळी का नाही, असं मला पुष्कळ जण विचारतात. उत्तरासाठी मी त्यांना एडिंबरोला घेऊन जातो.

तिथले प्राध्यापक जॉन क्रॉफ्टन मूळचे डब्लिनचे, जन्म १९१२ चा. केंब्रिजला वैद्यक शिकले, सवड मिळाली की स्कॉटलंडचे कडे चढायचे. दुसऱ्या महायुद्धात लष्करी डॉक्टर म्हणून फ्रान्स, ग्रीस, इजिप्त असं हिंडले. छातीच्या रोगांकडे ते खऱ्या अर्थानं वळले ते युद्धानंतर, लंडनला.

स्ट्रेप्टोमायसिन तेव्हा नवं होतं आणि फार थोडं मिळत होतं. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत क्रॉफ्टन यांनी काम केलं. औषध मिळालेल्या ५५ रुग्णांपैकी सहा महिन्यांत ४ दगावले; न मिळालेल्या ५२ पैकी १४. केवढा आनंद झाला असेल! पण पाच वर्षांनी पाहिलं, तर दोन्ही गटांतला फरक जवळजवळ पुसला गेला होता. सुधारलेले रुग्ण पुन्हा खालावले होते.

असं का झालं? शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. फवारणीला दाद न देणारं एखादंच तण असतं; बाकीचं मेलं की तेच रान व्यापतं. जंतूंचंही तसंच. मात्र पहिल्या औषधातून निसटलेला जंतू दुसऱ्यात सापडतो, दुसऱ्यातून सुटलेला तिसऱ्यात.

१९५२ साली क्रॉफ्टन एडिंबरोला प्राध्यापक झाले. शहरात क्षय वाढत होता, रुग्णालयात खाट मिळायला वाट पाहावी लागे. त्यांनी व सहकाऱ्यांनी स्ट्रेप्टोमायसिन, पीएएस आणि आयसोनियाझिड एकत्र दिलं. थुंकीची तपासणी काटेकोर, आणि बरं वाटलं तरी उपचार दीड-दोन वर्षं चालू. ही चिकाटी मला औषधांइतकीच मोलाची वाटते. ध्येय काय, तर शंभर टक्के रुग्ण बरे करायचे!

इतर डॉक्टरांना ही बढाई वाटली. मग २३ देशांत हीच पद्धत तपासली गेली आणि एडिंबरोचं म्हणणं खरं ठरलं.

क्रॉफ्टन १९७७ साली निवृत्त झाले, पण थांबले नाहीत. गरीब देशांतल्या डॉक्टरांसाठी क्षयावर त्यांनी सहकाऱ्यांसह लिहिलेलं सोपं पुस्तक १९९२ साली आलं. तेव्हा ते ऐंशीचे होते.