कंठस्थ आणि ग्रंथस्थ

काशीच्या विद्यापरंपरेत विद्येची दोन स्थाने मानलेली आहेत : एक कंठ आणि दुसरे ग्रंथ. ब्रह्माघाट, दुर्गाघाट या भागांत नांदलेल्या महाराष्ट्रीय वैदिक घराण्यांनी पहिले स्थान निष्ठेने जपले. २०२५ साली अहिल्यानगरच्या देवव्रत महेश रेखे या १९ वर्षांच्या तरुणाने याच नगरीत शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेतील सुमारे दोन हजार मंत्रांचे दंडक्रम पारायण पूर्ण केले. दुसऱ्या स्थानाची साक्ष सरस्वती भवन देते. १९१४ साली पूर्ण झालेल्या या ग्रंथालयात सुमारे एक लाख हस्तलिखिते आहेत. कंठातील मंत्र तत्काळ उमटतो. परंतु कंठाला मर्यादा असते. ग्रंथालयात अपार मावते. परंतु तेथे कपाट उघडावे लागते, पोथीचे वेष्टण सोडावे लागते आणि पान शोधावे लागते.

गणकयंत्राचा इतिहास म्हणजे याच दोन स्थानांमधील अंतर कमी करण्याचा इतिहास होय. जॉन फॉन नॉयमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४६ सालीच असे प्रतिपादन केले होते की, यंत्राला एकच स्मृती पुरणार नाही. शीघ्र पण लहान आणि मंद पण विशाल अशा स्मृतींची उतरंड रचावी लागेल. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली पूर्ण झालेल्या ‘टिफ्रॅक’ या यंत्राची शीघ्र स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची होती आणि तीत २०४८ शब्द मावत. आयबीएमने १९५६ साली आणलेल्या पहिल्या चकती-संचयात ५० चकत्या होत्या व त्यांवर सुमारे ५० लाख अक्षरे राहत. पुढे रॉबर्ट डेनार्ड यांच्या संशोधनातून आजची रॅम जन्मास आली. ती अतिशय चपळ, पण वीज जाताच सारे विसरणारी. या एका बाबतीत वैदिकांचा कंठ तिच्याहून श्रेष्ठच म्हणावा लागेल. चकती मात्र वीज नसतानाही सारे सांभाळून ठेवी.

हा भेद सामान्य विद्यार्थ्याच्या दारी आला तो स्वस्त लॅपटॉपच्या रूपाने. उत्तर प्रदेश शासनाने २०१३ साली बारावी उत्तीर्ण विद्यार्थ्यांना लॅपटॉप वाटण्यास प्रारंभ केला. त्यांची संख्या पुढे लाखांवर गेली. त्या यंत्रांत २ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क होती. त्या काळी ते पुरेसे होते. पण आज्ञावली वर्षागणिक जड होत गेल्या. २०२१ साली आलेल्या विंडोज ११ ने किमान ४ जीबी रॅमची अट घातली. अनेक घरांत तो लॅपटॉप हे पहिलेच गणकयंत्र होते. ते मंदावले की विद्यार्थ्याचा अर्ज, अभ्यास आणि परीक्षा, सारेच अडते.

मंदपणाचे कारण पाहण्याजोगे आहे. रॅम भरली की यंत्र तीतील काही भाग चकतीवर ठेवते आणि गरज पडताच परत आणते. रॅममधून मजकूर मिळण्यास सेकंदाचा सुमारे एक कोटीवा भाग लागतो. चकती मिनिटाला ५४०० वेळा फिरत असली, तरी तिच्यावरील जागा गाठण्यास सेकंदाचा शंभरावा भाग किंवा त्याहून अधिक वेळ जातो. हे अंतर लाखपटींचे आहे. पंडिताने प्रत्येक शब्दासाठी सरस्वती भवनाची वाट धरावी, तशी ही अवस्था.

उपायही दोन आहेत. एक रॅम वाढवणे, म्हणजे कंठाचा विस्तार. दुसरा फिरत्या चकतीच्या जागी एसएसडी बसवणे, म्हणजे ग्रंथालय घराशेजारी आणणे. फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात शोधलेल्या फ्लॅश स्मृतीवर ती चालते. तीत फिरणारा एकही भाग नाही आणि चकतीहून शेकडो पट लवकर ती मजकूर शोधते. मात्र आधी निदान हवे. रॅम डीडीआर३ आहे की डीडीआर४, मोकळी खाच आहे की रॅम फलकालाच जडवलेली आहे, हे पाहावे लागते. आणि जुन्या चकतीवरील मजकुराची प्रत अगोदर काढावी लागते. शिवाय या उपायांनी प्रोसेसर नवा होत नाही, हेही ध्यानी ठेवावे लागते.

पुण्याच्या सी-डॅकने घडवलेला ‘परम शिवाय’ हा महासंगणक १९ फेब्रुवारी २०१९ रोजी काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारातील आयआयटीत सुरू झाला. सेकंदाला ८३३ लाख कोटी गणिते करण्याची त्याची क्षमता. तरी त्यालाही शीघ्र स्मृती वेगळी आणि विशाल संचय वेगळा ठेवावा लागतो. त्याच नगरीतील एखाद्या विद्यार्थ्याच्या जुन्या लॅपटॉपला हाच नियम लागू आहे. बुद्धी कितीही तीक्ष्ण असली, तरी पोथी हाती येईपर्यंत तिला थांबावेच लागते. मंद यंत्राचा दोष पुष्कळदा बुद्धीचा नसतो, या थांबण्याचा असतो. आणि ते थांबणे थोड्या खर्चात कमी करता येत असेल, तर धडधाकट यंत्र भंगारात देण्याचे कारण उरत नाही.