पँथरचे दिवस आणि आमचा पेंटर मित्र



दलित पँथरचा विषय निघाला की राजा ढाले, नामदेव ढसाळ, ज. वि. पवार ही नावे आपण घेतो, आणि ती घेतलीच पाहिजेत. पण मोर्चाच्या पुढे पाच-दहा जण चालतात आणि मागून हजारो येतात. त्या हजारांतला एक आपल्या मानखुर्दचा, माझा बालमित्र. गेल्या वर्षी तो कालकथित झाला. आजच्या मुलांना तो फक्त "बोर्ड रंगवणारे काका" म्हणून माहीत आहे, म्हणून हे लिहितो आहे. त्याचे नाव मात्र लिहीत नाही. वर्गणीच्या पावतीवरसुद्धा तो "एक उपासक" एवढेच लिहायला लावायचा. ते आता आपण कशाला मोडायचे?

आम्ही दोघे म्युनिसिपल शाळेत एका बाकावर. संध्याकाळी तरुण मंडळात कवायत, लेझीम, जयंतीची वर्गणी गोळा करणे. मंडळाचा एक काळा फळा गल्लीच्या तोंडाशी टांगलेला असे. याचे अक्षर मोत्यासारखे, म्हणून पेपरातली बातमी फळ्यावर उतरवायचे काम त्याच्याकडे आले. वस्तीत पेपर दोन घरी यायचा, वाचता येणारी माणसेही मोजकीच. फळा म्हणजे आमचा पेपरच म्हणा ना!

1972 साली त्या फळ्यावर काय काय आले! पुणे जिल्ह्यात बावडा गावी आपल्या लोकांवर बहिष्कार. परभणी जिल्ह्यात ब्राह्मणगावला दोन स्त्रियांची धिंड. दलितांवरील अत्याचारांचा पाढा वाचणारा पेरुमल समितीचा अहवाल सरकारकडे पडून होता, आणि रिपब्लिकन पक्षाचे पुढारी गटातटांत अडकलेले. अशा वेळी मुंबईतल्या लिहित्या तरुणांनी दलित पँथर काढली. नाव घेतले अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी 1966 साली काढलेल्या ब्लॅक पँथरवरून. त्याच वर्षी 15 ऑगस्टला "साधना"त राजा ढाले यांचा "काळा स्वातंत्र्यदिन" हा लेख आला आणि महाराष्ट्रभर गदारोळ उठला. आमचे वय तेव्हा पंधरा. लेख सगळा कळला असे म्हणणार नाही, पण आपल्या बाजूने कुणीतरी ओरडून बोलतो आहे, एवढे कळले. मंडळाच्या पोरांनी छावणी काढली.

जानेवारी 1974. मध्य-दक्षिण मुंबईत लोकसभेची पोटनिवडणूक होती आणि पँथरने तिच्यावर बहिष्कार पुकारला होता. 5 तारखेला वरळीच्या बीडीडी चाळींत सभा झाली. दगडफेक झाली, पोलिसांच्या लाठ्या चालल्या, आणि दंगल पेटली ती पुढे बरेच दिवस धुमसत राहिली. रमेश देवरुखकर हा तरुण पोलिसांच्या गोळीला बळी पडला. त्याच्या निषेधात 10 जानेवारीला नायगाव-परळ भागातून मोर्चा निघाला. आमचा मित्र त्या मोर्चात होता. हार्बर लाइनचे मानखुर्द हे तेव्हा शेवटचे स्टेशन. सकाळच्या लोकलने तो गेला तो रात्री उशिरा आला. एका पायात चप्पल नव्हती. आई ओरडली तरी तोंडातून शब्द नाही. मोर्चावर इमारतींवरून दगड टाकले गेले, त्यात भागवत जाधव हा पँथर गेला, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर मोठ्या अक्षरात फक्त "भागवत जाधव" एवढे लिहिलेले. एक वडीलधारे म्हणाले, "अरे, बातमी कुठंय? नुसतं नाव काय लिहिलंस?" तो म्हणाला, "बाबा, हीच बातमी." त्याची आणि भागवतची ओळखही नव्हती. पुढे महिनाभर ते नाव कुणी पुसले नाही.

त्या निवडणुकीत काँग्रेसचे रामराव आदिक पडले, कॉम्रेड डांग्यांच्या कन्या रोझा देशपांडे निवडून आल्या. दंगलीच्या चौकशीसाठी न्या. भस्मे आयोग बसला.

त्याच वर्षी ढाले-ढसाळ वाद झाला. एकीकडे बुद्ध-आंबेडकर, दुसरीकडे डावा विचार, असे तेव्हा म्हटले जाई. वाद एवढा सरळ नव्हता असे माझे मत आहे, पण वस्तीत त्याचे दोन तट पडले हे खरे. एकाच नळावर पाणी भरणारी पोरे एकमेकांशी बोलेनाशी झाली. दोन्ही तटांना बोर्ड पाहिजेत, आणि पेंटर तर एकच! याने दोघांचेही रंगवले. एकच अक्षर, एकच निळा रंग. लोक हसायचे. दोन्हीकडून त्याला शिव्या बसल्या, पण तो कुणाशी बोलायचा थांबला नाही.

आणीबाणीत, 1976 साली, अणुशक्तीनगरजवळची जनता कॉलनी उठवून लोकांना चिता कॅम्पला नेले. तिकडचे आमचे काही सोबती त्यात पांगले. 7 मार्च 1977 रोजी ढाले आणि ज. वि. पवार यांनी पँथर बरखास्त केल्याचे जाहीर केले. छावणी बंद पडली, फळा राहिला. त्यावर नामांतराचा लढा आला, 14 जानेवारी 1994 चा नामविस्तार आला. त्या दिवशी त्याने स्वतःच्या पैशाने पेढे वाटले. 11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण गेले. फळा लहान पडला म्हणून त्याने अक्षर बारीक केले, पण दहाही नावे लिहिली.

दर 10 जानेवारीला मात्र एकच नाव. ढसाळ 15 जानेवारी 2014 ला गेले, ढाले 16 जुलै 2019 ला विक्रोळीत गेले. ज. वि. पवारांनी "आंबेडकरोत्तर आंबेडकरी चळवळ"चे खंड लिहून मोठे काम केले आहे. पण गल्लीगल्लीतल्या छावणीची पोरे कुठल्या पुस्तकात येणार? ती आपणच लिहायची.

पुण्यानुमोदनानंतर वहिनींनी त्याची पत्र्याची ट्रंक उघडून दाखवली. ब्रश, रंगाचे वाळलेले डबे आणि खाली छावणीची 1973 सालची वर्गणीची वही. चोवीस नावे, प्रत्येकापुढे चार आणे, आठ आणे. आमच्या मित्रासकट नऊ जण गेल्याचे नक्की कळले आहे. माझ्यासकट सहा जण आहोत. उरलेल्या नऊ जणांचा पत्ता लागत नाही. कुणी चिता कॅम्पला असतील, कुणी गावी परतले असतील. वही विहारात ठेवली आहे. त्यात आपल्या घरातल्या कुणाचे नाव असेल, किंवा कुणाची खबर असेल, तर रविवारी सकाळी वंदनेनंतर मला भेटावे. जुना फोटो असेल तर तोही आणावा. प्रत काढून लगेच परत देऊ.