सव्वा मिलिग्रॅमची गोष्ट

मंडळी, आज थोडं डोळ्यांबद्दल. मी पडलो सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे डॉक्टरी सल्ला देणार नाही. पण या औषधाचा इतिहास वाचला आणि सांगितल्याशिवाय राहवेना.

दृष्टिपटलाच्या मधोमध मॅक्युला नावाचा एक छोटासा भाग असतो. वाचणं, सुईत दोरा ओवणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं, सगळं त्याच्या जिवावर. उतारवयात काहींचा मॅक्युला झिजतो. त्यातल्या 'वेट' प्रकारात त्याच्याखाली नको असलेल्या रक्तवाहिन्या फुटतात आणि पाझरतात. सरळ रेघा वाकड्या दिसायला लागतात, मग मधोमध काळा डाग. आधी यावर लेसर होता, पण त्याने गेलेली नजर सहसा परत येत नसे.

आता जरा मागे जाऊ. १९७१ मध्ये ज्युडा फोकमन या अमेरिकन सर्जनने मांडलं की कॅन्सरची गाठ वाढते ती नवीन रक्तवाहिन्या ओढून घेऊन; त्या रोखा, गाठ उपाशी मरेल. बऱ्याच जणांनी तेव्हा ते मनावर घेतलं नाही. १९८९ मध्ये जेनेनटेक कंपनीत नेपोलिओन फेरारा यांनी वाहिन्या वाढवणारं प्रथिन वेगळं काढलं, व्हीईजीएफ. त्याला अडवणारं अवास्टिन २००४ मध्ये आतड्याच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं. डोळ्यासाठी त्याच कंपनीचं धाकटं भावंड, ल्युसेंटिस, अजून चाचण्यांत होतं.

पण पेशंटची नजर चाचण्या संपायची वाट बघत नाही ना! २००५ मध्ये मायामीच्या फिलिप रोझेनफेल्ड यांनी अवास्टिनच थेंबभर डोळ्यात टोचलं. सूज उतरली, दिसायला लागलं. बातमी जगभर पसरली.

आता गणित बघा. अवास्टिनच्या वायलमध्ये १०० मिलिग्रॅम औषध, डोळ्याला लागतं सव्वा मिलिग्रॅम. म्हणजे एका वायलमधून कितीतरी डोळे! २००६ मध्ये ल्युसेंटिस मंजूर झालं तेव्हा अमेरिकेत त्याचा एक डोस साधारण २००० डॉलरला, तर अवास्टिनचा सुमारे ५० डॉलरला. आणि ही इंजेक्शनं पुन्हा पुन्हा घ्यावी लागतात.

दोन्हींची तुलना कंपनी स्वतःच्या खर्चाने कशाला करेल? शेवटी अमेरिकन सरकारच्या पैशातून चाचणी झाली. २०११ मध्ये निकाल आला: वर्षभरानंतर नजरेत दोन्ही औषधं सारखीच. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने डोळ्यांसाठी अवास्टिनचं मूळ औषध अत्यावश्यक यादीत घातलं.

स्वस्ताईला एक काटा आहेच. एका वायलमधून अनेक सिरिंज भरताना जंतू शिरले तर डोळाच जाऊ शकतो. गुजरातमधल्या अशाच संसर्गाच्या प्रकारानंतर २०१६ च्या जानेवारीत आपल्या औषध नियंत्रकांनी डोळ्यासाठी अवास्टिन वापरू नका असा इशारा दिला. डॉक्टरांनी बाजू मांडल्यावर तो मार्चमध्ये मागे घेतला. तोवर, २०१५ मध्येच, अहमदाबादच्या इंटासने ल्युसेंटिसची स्वस्त देशी आवृत्ती बाजारात आणली होती.

मला यात अस्वस्थ करतं ते एवढंच: औषध हाताशी होतं, प्रश्न साधा होता, तरी पक्कं उत्तर यायला सहा वर्षं लागली, कारण त्या उत्तरात कुणाचा नफा नव्हता.

असो. घरातलं कुणी म्हातारं माणूस म्हणालं, "दाराची चौकट वाकडी दिसतेय रे," तर चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून सोडून देऊ नका. त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. इथे उशीर फार महाग पडतो.