संपन्न कुटुंबांचे आपत्कालीन नियोजन

संपन्न कुटुंबांचे आपत्कालीन नियोजन : कुटुंबप्रमुखाचा मृत्यू किंवा गंभीर आजार, वारसांतील तंटा, अपहरण, सायबर फसवणूक, गुंतवणुकीतील मोठे नुकसान अशा प्रसंगी माणसे, मालमत्ता आणि उद्योग सुरक्षित राहावेत म्हणून आगाऊ करून ठेवलेली व्यवस्था. वकील, सनदी लेखापाल, गुंतवणूक सल्लागार आणि विश्वस्त ती सांभाळतात. निर्णय कोणी घ्यायचा आणि कोणती माहिती कोणाकडे आहे, या दोन प्रश्नांची लेखी उत्तरे हा तिचा गाभा होय.

पूर्वपीठिका : अमेरिकी तेलउद्योजक जॉन डी. रॉकफेलर यांनी १८८२ मध्ये कौटुंबिक मालमत्तेसाठी उभारलेले कार्यालय हा आधुनिक ‘फॅमिली ऑफिस’चा आरंभ मानला जातो. १९७३ मध्ये रोममधून जॉन पॉल गेटी या तेलसम्राटाच्या किशोरवयीन नातवाचे अपहरण झाले. आजोबांनी आधी खंडणी नाकारली आणि मुलगा सुमारे पाच महिने ओलीस राहिला. अपहरणकर्त्यांनी त्याचा कान कापून पाठवल्यानंतर रक्कम दिली गेली. अशा प्रसंगी वाटाघाटी कोणी करायच्या, हे आधीच ठरलेले असणे किती निकडीचे असते, ते या घटनेतून दिसले.

मृत्यू व वारसा : धीरूभाई अंबानी यांचे जुलै २००२ मध्ये मृत्युपत्राविना निधन झाले. मुकेश व अनिल या बंधूंमधील मतभेद २००४ मध्ये उघड झाले आणि २००५ मध्ये आई कोकिलाबेन यांच्या मध्यस्थीने उद्योगसमूहाची वाटणी झाली. मुंबईच्या गोदरेज कुटुंबाने मात्र २०२४ मध्ये आपापसांत करार करून सव्वाशे वर्षांहून जुन्या समूहाची वाटणी केली.

नॉमिनी नेमला की वारसा ठरला, हा समज अपुरा आहे. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या मालमत्तेसंबंधीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले, की नामनिर्देशनामुळे नॉमिनी शेअर्सचा मालक होत नाही, मालकी वारसा कायद्यानुसार किंवा मृत्युपत्रानुसारच ठरते.

असमर्थता : माणूस हयात असून निर्णय घेऊ शकत नाही, ही स्थिती सर्वाधिक दुर्लक्षित राहते. सॅमसंगचे अध्यक्ष ली कुन-ही मे २०१४ मध्ये हृदयविकाराच्या झटक्याने अंथरुणाला खिळले, ते ऑक्टोबर २०२० मध्ये निधन होईपर्यंत कामावर परतले नाहीत. त्यांच्या वारसांवर १२ लाख कोटी वॉनहून अधिक वारसाकर आला. भारतात भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार, देणारी व्यक्ती विकलमनस्क झाली की सामान्य कुलमुखत्यारपत्र संपुष्टात येते. म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी तो कागद निरुपयोगी ठरतो. मग पालक नेमून घेण्यासाठी न्यायालयात जावे लागते. वेळीच स्थापन केलेला विश्वस्तनिधी, संयुक्त खाती आणि कंपनीतील पर्यायी स्वाक्षरीकार यांनी ही अडचण बरीच कमी होते. उपचारांविषयीच्या अग्रिम वैद्यकीय निर्देशांना सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली व २०२३ मध्ये त्यांची प्रक्रिया सुलभ केली.

पूर्वतयारी : मालमत्ता, कर्जे, हमीपत्रे, विमा आणि डिजिटल खात्यांची एकत्रित यादी, व्यवस्थापकाचे नाव असलेले मृत्युपत्र, निर्णयाधिकाराचा क्रम, यांचा दरवर्षी, तसेच विवाह, घटस्फोट किंवा जन्मानंतर आढावा घेतला जातो. यादी कोठे आहे हे किमान दोन विश्वासू व्यक्तींना ठाऊक हवे.

प्रतिसाद : पहिल्या काही तासांत जीवितरक्षण, मग पैशांच्या व्यवहारांवर नियंत्रण, त्यानंतर नातेवाईक, कर्मचारी व माध्यमे यांना एकाच व्यक्तीकडून माहिती, हा क्रम योग्य ठरतो. घरच्या माणसाच्या आवाजात किंवा ई-मेलवर तातडीने पैसे मागितले गेल्यास माहीत असलेल्या क्रमांकावर उलट फोन करून खातरजमा करावी. फसवणूक झालीच, तर भारतात १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार केल्यास रक्कम गोठवली जाण्याची शक्यता वाढते.

सल्लागारांची जबाबदारी : संकट सल्लागारांच्या कार्यालयातूनही उद्भवू शकते. बिल ह्वांग यांचे आर्केगॉस हे फॅमिली ऑफिस मार्च २०२१ मध्ये प्रचंड उसनवारीमुळे कोसळले आणि एकट्या क्रेडिट स्विस बँकेला सुमारे ५५० कोटी डॉलरचा तोटा झाला. म्हणून गुंतवणुकीचा निर्णय घेणारा आणि जोखीम तपासणारा वेगळे असावेत. तंट्याच्या वेळी एकाच वकिलाने सर्व बाजूंचे काम पाहू नये. कुटुंबप्रमुखाला अप्रिय वाटेल असा मृत्यूचा वा आजारपणाचा विषय त्याच्या धडधाकट काळातच काढणे, हे सल्लागाराचे पहिले कर्तव्य आहे. कारण निर्णय लांबला, तर त्याची झळ वारसांइतकीच त्या उद्योगावर पोट असलेल्या कामगारांनाही बसते.