सायकलप्रवास, दूर पल्ल्याचा (यवतमाळ जिल्हा)

सामान सायकलवर लादून, वाटेत मुक्काम करत, अनेक दिवस स्वतःच्या पायांच्या बळावर केलेला प्रवास. मागच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंनी पिशव्या अडकवून पक्क्या सडकेने गेल्यास त्याला टूरिंग म्हणतात. पिशव्या फ्रेमला, सीटखाली आणि हँडलला आवळून कच्च्या वाटांनी गेल्यास ते बाइकपॅकिंग. यवतमाळ जिल्ह्यात (क्षेत्रफळ १३,५८२ चौ. किमी.; तालुके १६) दोन्हींना भरपूर वाव आहे. पहिला प्रकार महामार्गाच्या कडेने दिसतो, पण दुसऱ्याकडे फारच थोड्यांचे लक्ष गेले आहे आणि जिल्ह्याची खरी ओळख त्यातच होते.

महाराष्ट्राला या प्रवासाची परंपरा जुनी आहे. ऑक्टोबर १९२३ मध्ये मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किमी. तुडवून १९२८ मध्ये परतले. अलीकडे पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी यांनी २०१८ मध्ये जगभर सुमारे २९,००० किमी. सायकल चालवली. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्याने पूर्ण केली आणि विदर्भात या छंदाला जोर आला. ठरलेले अंतर ठरलेल्या वेळेत कापण्याच्या ब्रेव्हे या प्रकारात ३०० किमी.ला २० तासांची मुदत असते. नागपूर ते पांढरकवडा जाऊन-येऊन साधारण तेवढेच भरते.

काश्मीर ते कन्याकुमारी जाणारे सायकलस्वार ज्या राष्ट्रीय महामार्ग ४४ (पूर्वीचा ७) ने जातात, तो या जिल्ह्यातून जातो. वर्धा नदी ओलांडून वडकी, करंजी, पांढरकवडा, केळापूर, पाटणबोरी आणि मग पैनगंगेचा पूल. पलीकडे तेलंगणातले आदिलाबाद. रस्ता चौपदरी आणि कडेला ढाबे, त्यामुळे बहुतेक जण अर्ध्या दिवसात जिल्हा पार करतात आणि यवतमाळ पाहिले असे समजतात. ही चुटपुट लावणारी गोष्ट आहे. करंजीहून पूर्वेला वणी-चंद्रपूरकडे फाटणारा रस्ता मात्र कोळशाच्या ट्रकांचा. धूळ आणि वर्दळ पाहता तो टाळलेलाच बरा.

आतले रस्ते निराळे. यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मी. उंचीच्या पठारावर आहे, त्यामुळे कुठल्याही दिशेने निघाले तरी सुरुवात उताराची आणि परतीला दमछाक. वर्ध्याकडे जाताना लागणारे कळंब हा पहिला चांगला थांबा. तेथील चिंतामणीचे मंदिर जमिनीच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतरून जावे लागते. पश्चिमेला दारव्हा, दिग्रस, पुसद या पट्ट्यात चढउतार वाढतात आणि टेकड्यांच्या कुशीत बंजारा तांडे लागतात. यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर दोन्ही अंगांनी गोण्या टाकून दख्खनभर धान्य आणि मीठ वाहत. टूरिंगच्या सायकलची बांधणी त्या लदणीच्या बैलासारखीच, वजन दोन्हीकडे सारखे नसेल तर पहिल्याच चढावर कळते. दारव्ह्याच्या वाटेवर शकुंतला या अरुंद मार्गावरील रेल्वेचे रूळ अधूनमधून सोबतीला येतात. यवतमाळ-मूर्तिजापूर हा तिचा मार्ग आता बंद आहे. उमरखेड तालुक्यात ढाणकीच्या पुढे पैनगंगा अभयारण्याचा ‘बंदी भाग’ सुरू होतो. रस्ते खराब, वस्ती विरळ आणि पलीकडे नांदेडच्या हद्दीवर सहस्रकुंडचा धबधबा. जिल्ह्यातला हा सर्वांत देखणा सायकलमार्ग म्हणता येईल.

बाइकपॅकिंगसाठी वेगळी वाट शोधावी लागत नाही, कारण पांदण रस्ते गावोगाव आहेत. दोन्ही बाजूंना बाभळी, मध्ये गवताचा पट्टा आणि बंडीच्या चाकांनी पाडलेल्या दोन चाकोऱ्या. उन्हाळ्या-हिवाळ्यात त्यांतली एक धरून मजेत जाता येते. पावसाळ्यात मात्र ही काळी माती सायकल चालू देत नाही. टायरला चिकटलेला थर प्रत्येक फेऱ्यागणिक जाड होतो, मडगार्ड आणि ब्रेकमध्ये ठासून बसतो आणि शंभर पावलांत चाक जाम होते. काडीने खरवडून पुन्हा निघावे तर पुन्हा तेच. शेवटी सायकल खांद्यावर. मडगार्ड काढून ठेवणे आणि पाऊस थांबल्यावर एक-दोन दिवस ऊन पडू देणे, एवढाच उपाय. कोरड्या दिवसांत त्रास काट्यांचा. बाभळीचा काटा टायर आरपार भेदतो आणि सराटा शिरल्याचे हवा जाईपर्यंत कळत नाही. काटा टोचलेला असेल तर जागेवर उपटू नये. आधी सावली गाठावी. पंक्चर जवळपास प्रत्येक मोठ्या गावात निघते, पण डिस्क ब्रेकचे पॅड, गिअरची तार, ट्यूबलेस टायरचे सामान सोबतच ठेवावे लागते.

हंगाम ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी. सुरुवातीला सोयाबीन मळणीचे दिवस असतात आणि डांबरी रस्त्याच्या कडेला वाळत घातलेल्या धान्यावरून सायकल न नेणे हा साधा शिष्टाचार आहे. पुढे कापसाने भरलेल्या गाड्या जिनिंगकडे निघतात. त्या रुंदीने रस्ता व्यापतात, म्हणून मागून येताना घंटी आधीच वाजवावी. फेब्रुवारीच्या शेवटी पळस फुलतो, पण त्यानंतर सकाळी दहाच्या पुढे चालवणे धोक्याचे; मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो.

जंगलाचे भान ठेवणे सक्तीचे आहे. पांढरकवडा-राळेगाव परिसरात १३ माणसांच्या मृत्यूला कारण ठरवली गेलेली टी-१ वाघीण नोव्हेंबर २०१८ मध्ये मारली गेली. त्या काळात शेतावर जाणाऱ्यांनी सोसलेली भीती प्रवाशाने गंमत म्हणून घेऊ नये. १४८ चौ. किमी.च्या टिपेश्वर अभयारण्यात वाघांची संख्या चांगली आहे. तेथेच जन्मलेला, रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण वाघ २०१९ मध्ये बाहेर पडला आणि १,३०० किमी.हून अधिक चालून बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. अभयारण्याबाहेरच्या शेतांतून आणि नाल्यांतूनही वाघ फिरतो, हे त्यातून दिसते. म्हणून या भागात सूर्योदयानंतरच निघावे, संध्याकाळी पाचच्या आत मुक्काम गाठावा आणि तंबू रानात न ठोकता गावात, शाळेच्या किंवा मंदिराच्या ओसरीवर, पोलीस पाटलांना किंवा सरपंचांना विचारून पथारी टाकावी.

बाहेरून येणाऱ्यांनी सायकल रेल्वेने धामणगाव किंवा वर्धा येथे उतरवून तेथून चालवत यावे. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या मार्गाचा वर्धा-कळंब टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला आहे.