हातसडीचा तांदूळ आणि माझी आय

आमच्या चामटोलीच्या जुन्या घरात ओटीच्या कोपऱ्यात एक दगडी उखळ पुरलेलं होतं. घर नवीन बांधलं तेव्हा गवंडी म्हणाला, "काका, हे फोडून पायात टाकू का?" मी नको म्हटलं. पुढे कितीतरी वर्षं ते परड्यात पडून राहिलं, कोंबड्या त्यात पाणी प्यायच्या. तीन वर्षांपूर्वी मी ते घासून धुऊन पुन्हा ओटीवर आणलं. त्यावरून घरात जो वाद झाला तो सांगायचा म्हणून हे लिहायला बसलो. पण त्या वादाचं मूळ फार मागे आहे.

माझा जन्म साठ सालच्या आसपासचा. तेव्हा बदलापूर म्हणजे एक स्टेशन आणि चार दुकानं. खाचरात भात आणि वरकस माळावर नाचणी-वरी, ही आमची शेती. वरकस जमिनीत पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी, मग जमीन दमली की दोन-तीन वर्षं ओस टाकायची. भात कापल्यावर खाचराच्या ओलीवर वाल. पावसाच्या तोंडाला ठाकरवाडीच्या बाया शेवळं, लोत, कुरडू घेऊन यायच्या. सुकट-बोंबील बाजारातून यायचे. गोड म्हणजे गूळ. साखर पाहुण्यांच्या चहाला.

घरातलं भात आय पहाटे कांडायची. कोंबडा आरवायच्या आधी मुसळाचा धप धप आवाज सुरू व्हायचा. आधी भात घिरटावर भरडायचं, मग उखळात सडायचं, सुपात पाखडायचं. तूस वेगळं, कोंडा वेगळा, कणी वेगळी. दहा माणसांचं घर. तिच्या तळहातांना असे घट्टे पडले होते की चुलीतला निखारा ती बोटांनी उचलायची. तो तांदूळ लालसर, जाड. भात शिजायला वेळ लागायचा, पण दोन घास कमी खाल्ले तरी दुपारपर्यंत भूक लागत नसे.

आता कुणी म्हणेल, ते दिवस सोन्याचे. तसं नाही. श्रावण-भादव्यात कणगी रिकामी व्हायची. तेव्हा करांदे उकडून आणि आंबील पिऊन दिवस काढलेले मला चांगले आठवतात. अन्न चोख होतं, पण पोटभर नव्हतं. हे विसरून जुन्या ताटाचं कौतुक करू नये.

मी सात-आठ वर्षांचा असताना जवळच भाताची गिरणी आली. आय डोक्यावर भाताचं गाठोडं घेऊन गेली आणि तासाभरात पांढराशुभ्र तांदूळ घेऊन आली. तिनं तो ओंजळीत घेऊन आजीला दाखवला. तिचा तो चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. लग्नाकार्यात शहरातले लोक खातात तसला तांदूळ आता रोजचा झाला. कोंडा गिरणीतच राहिला. त्याचं काय होतं हे कुणी विचारलं नाही.

त्या कोंड्यात काय होतं, हे जगाला खूप आधी कळलं होतं. ते मी म्हातारपणी वाचलं. जावा बेटावर आयकमन नावाच्या डच डॉक्टरच्या कोंबड्यांचे पाय लुळे पडले. त्या कोंबड्या लष्करी दवाखान्यातला उरलेला पांढरा भात खात होत्या. पुढे नवा स्वयंपाकी आला. लष्कराचा तांदूळ कोंबड्यांना देणार नाही म्हणाला. त्यांना साधा, न सडलेला तांदूळ मिळू लागला आणि त्या बऱ्या झाल्या. माणसांना होणारा बेरीबेरी हा रोग त्यातलाच, हे त्यावरून पुढे उमगलं. आयकमनला 1929 साली नोबेल मिळालं. आपल्याकडेही 1918 साली कुन्नूरला एका खोलीत बेरीबेरीच्या अभ्यासाचं काम सुरू झालं. आजची हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था ती त्यातूनच वाढलेली. आणि 1934 साली वर्ध्याला गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ काढला, तेव्हा हातसडीचा तांदूळ, जात्यावरचं पीठ आणि गूळ यांचा आग्रह धरला. मगनवाडीत कुमारप्पांनी त्यावर वर्षानुवर्षं काम केलं. हे सगळं आमच्या गिरणीच्या तीस-पस्तीस वर्षं आधी. पण वर्धा ते चामटोली ही बातमी चालत आली नाही. आली असती तरी आयनं ऐकली असती असं मला वाटत नाही.

गिरणीमागून एकेक येत गेलं. वनस्पती तुपाचा डबा आला. शिवडीच्या कारखान्यातला डालडा 1937 पासूनच बाजारात होता, पण आमच्या घरी पहिल्यांदा आला तो आत्याच्या लग्नात. रिकाम्या डब्यात आयनं तुळस लावली. तेल घट्ट करताना त्यात जी वाईट चरबी तयार होते तिच्यावर सरकारनं 2 टक्क्यांची मर्यादा घातली ती 2022 साली. तोवर आमच्या तीन पिढ्यांच्या पुऱ्या तळून झाल्या होत्या.

रेशनवर अमेरिकेचा गहू आला. बहात्तरच्या दुष्काळात तांबडा मिलो आला. त्याची भाकरी थापताना तुटायची, आणि आय भाकरीला आणि अमेरिकेला एकदमच शिव्या द्यायची. मग जया, रत्ना या भाताच्या नव्या जाती आल्या. कर्जतचं भात संशोधन केंद्र 1919 पासूनचं, आमच्यापासून पाच स्टेशनं. तिथल्या कर्जत-184 सारख्या जातींनी आमची श्रावणातली उपासमार संपवली, हे मी मरेपर्यंत म्हणेन. पण खाचर पिकायला लागलं तसं वरकसाकडे कोण बघतो? नाचणी बंद, वरी बंद. वरी फक्त एकादशीला भगर म्हणून, तीही दुकानातून आणायची.

पंच्याहत्तर साली मी दहावी झालो. अंबरनाथ-बदलापूरला कारखाने उभे राहत होते. गावातली पोरं पाळीवर जाऊ लागली. सकाळी चहा-पाव, दुपारी डबा, संध्याकाळी वडापाव. दूध शहरात जायचं आणि पोरं काळ्या चहात बिस्किट बुडवायची. पुढे जमिनी विकल्या गेल्या, पैसा आला आणि टपरीवर रंगीत पुड्यांच्या माळा लटकल्या. माझ्या नातवाला बोलता यायच्या आधी त्या पुड्या ओळखता येत होत्या. मी स्वतः कमी नव्हतो. शेतावर जाताना खिशात फरसाणची पुडी असायचीच.

सन 2021 मध्ये पायाची जखम भरेना म्हणून रक्त तपासलं. तीन महिन्यांची साखर 9.1 निघाली. डॉक्टरांनी गोळी दिली आणि विचारलं, "रोज काय खाता?" मी सांगत गेलो आणि माझं मलाच ऐकवेना. शेतकरी माणूस, आणि ताटात स्वतःच्या शेतातलं फक्त भात. तेही पांढरंफेक.

घरी येऊन मी जोरात सुरुवात केली आणि दोन चुका केल्या. पहिली, नाचणी चांगली म्हणून तीन-तीन भाकऱ्या खाऊ लागलो. साखर हलेना. डॉक्टर हसले. "काका, नाचणीत पांढऱ्या तांदळाच्या कितीतरी पट चुना आहे, चोथा आहे, सगळं खरं. पण शेवटी तेही धान्यच. एक भाकरी, आणि बाजूला वाल, भाजी, मासळी वाढवा." दुसरी चूक, सूनबाईनं 'बहुधान्य' लिहिलेली बिस्किटं आणली. नातू पुडा वाचून म्हणाला, "आजोबा, यात पहिलं नाव मैद्याचं आहे." जे सगळ्यात जास्त ते यादीत पहिलं लिहितात, हे त्याला शाळेत शिकवलं होतं.

तिसरी गोष्ट म्हणजे उखळ. मी ते ओटीवर आणलं आणि म्हटलं, आता घरचा हातसडीचा तांदूळ खायचा. आय तेव्हा ब्याऐंशीची. काठी टेकत आली, उखळाकडे बघितलं आणि म्हणाली, "कांडणार कोण?"

मी गप्प.

"माझे हात बघ. माझ्या नातसुनेच्या हातात मुसळ देशील तर मी या घरात जेवणार नाय. साखर तुझी वाढली, घट्टे तिला कशाला?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. इतकी वर्षं मी त्या धप धप आवाजाची आठवण कौतुकानं सांगत होतो. आत मुसळ उचलणारी बाई दमली होती, हे माझ्या आठवणीत नव्हतंच. गिरणीतून आल्यावर तिच्या चेहऱ्यावर आनंद होता तो पांढऱ्या तांदळाचा नव्हता, पहाटेच्या झोपेचा होता.

सकाळी मी गिरणीवाल्याकडे गेलो. म्हटलं, एकच हात फिरव, पॉलिश नको. तो म्हणाला, "एवढंच? आधी का नाय बोललात?" पन्नास वर्षांत आमच्यातल्या कुणी त्याला किंवा त्याच्या बापाला हे सांगितलंच नव्हतं. असा तांदूळ लवकर जाळी धरतो, म्हणून महिन्याचंच भात नेतो.

वरकसाचे वीस गुंठे उरले आहेत. ठाकरवाडीतून बी आणून त्यात नाचणी लावली. पहिल्या वर्षी डुकरांनी निम्मी खाल्ली. दुसऱ्या वर्षी घरापुरती झाली. 2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं म्हणून जाहीर केलं, तेव्हा शहरातल्या दुकानात नाचणी तांदळापेक्षा महाग विकलेली मी पाहिली. त्या वीस गुंठ्यांना बिल्डरचा भाव रोज वाढतो आहे. मुलगा अजून काही बोलत नाही. मी असेपर्यंत बोलणार नाही, एवढं मला माहीत आहे.

माझी साखर आता 7.2 आहे. गोळी सुटलेली नाही. नातू रविवारी एक पुडी खातो, बाकी दिवस भाजलेले शेंगदाणे नाहीतर नाचणीचा लाडू. संध्याकाळचं पीठ मी मळतो, भाकरी सूनबाई थापते. उखळ ओटीवरच आहे. आठवड्यातून एकदा मी आणि मुलगा त्यात मिरची-मसाला कुटतो. आय समोर बसून बघते आणि म्हणते, "जोरात मार, असं नाय."