बटाटा शास्त्रात कुठे आहे?



घरातली शिकलेली मुलं आणि नव्याने आलेल्या सुना एक प्रश्न हमखास विचारतात, "बटाटा खायचा नाही, हे कोणत्या ग्रंथात लिहिलंय?" आपण बहुतेक वेळा "आपल्यात चालत नाही" एवढं म्हणून विषय संपवतो. पण न पटलेला नियम पुढच्या पिढीत टिकत नाही. म्हणून आज थोडा इतिहास पाहू.

आपल्या प्राचीन ग्रंथांत बटाटा नाही, आणि तो असूही शकत नाही. बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. कोलंबस अमेरिकेला पोचला १४९२ साली, वास्को द गामा कालिकतला आला १४९८ साली आणि पोर्तुगिजांनी गोवा घेतला १५१० साली. त्यानंतरच्या काळात ही नवी फळं-भाज्या आपल्या किनाऱ्यावर उतरल्या. 'बटाटा' हा शब्दच पोर्तुगीज आहे. पेरू, अननस, काजू ही नावंही तिकडूनच आली. मिरचीसुद्धा परदेशीच. त्याआधी आपल्याकडे तिखटाचं काम मिरी, पिंपळी आणि सुंठ करत.

मग आपल्या पूर्वजांनी मिरची, पेरू, पपई घरात घेतली आणि बटाटा का घेतला नाही? कारण शास्त्राने नुसती नावांची यादी दिली नव्हती, पारख कशी करायची तेही शिकवलं होतं.

आचार्य नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्ती दहाव्या शतकातले. श्रवणबेळगोळला बाहुबलींची मूर्ती उभारणारे चामुंडराय त्यांना गुरू मानत. त्यांच्या 'गोम्मटसारा'त अनंत जीवांचा आश्रय असलेली वनस्पती ओळखण्याच्या खुणा दिल्या आहेत. शिरा, सांधे, पेरं वरून दिसत नाहीत, मोडली तर सपाट तुटते, आत धागे नसतात आणि कापून लावली तर पुन्हा उगवते. आता बटाटा हातात घेऊन बघा. शिरा दिसत नाहीत, धागा नाही, आणि डोळा असलेली फोड मातीत टाकली की कोंब येतो. आचार्यांनी बटाटा पाहिला नव्हता, पण त्यांच्या खुणा त्याला तंतोतंत लागू पडतात. आपल्या बावीस अभक्ष्यांत 'अजाणफळ'ही आहे. ओळख पटल्याशिवाय नवी वस्तू तोंडात घालायची नाही, हा सावधपणा त्यामागे आहे.

"मग शेंगदाणा कसा चालतो? तोही जमिनीखालीच येतो की!" हा पुढचा प्रश्न ठरलेला. एकदा कुंडीत भुईमूग लावून पाहा. पिवळं फूल जमिनीवर येतं, मग त्याची आऱ्या खाली जाऊन मातीत शिरते आणि तिच्या टोकाला शेंग धरते. म्हणजे शेंग हे मूळ किंवा कंद नाही, ते फळ आहे, आणि आतला दाणा म्हणजे वाळलं की सुटणारं बी. मातीखाली असणं एवढाच काही दोष नाही.

'रत्नकरंड श्रावकाचारा'त समंतभद्र आचार्यांनी मुळा आणि ओलं आलं सोडायला सांगितलं, त्याच ओळीत लोणी, कडुनिंबाची आणि केवड्याची फुलंही सोडायला सांगितली. ही फुलं तर उंच झाडांवरची. कारण त्यांनीच दिलं आहे, मिळणारं फळ थोडं आणि होणारा जीवघात फार. मी कॉमर्स शिकलेली, मला हा चोख जमाखर्च वाटतो. ओलं आलं वर्ज्य, पण सुंठ चालते. ओली हळद नको, पण वाळवून दळलेली हळद रोजच्या फोडणीत असते. तीही याच हिशेबात बसते.

चातुर्मासात पालेभाजी सोडण्यामागेही हेच आहे. पावसाळ्यात पानापानावर बारीक जीव असतात, कितीही निवडली तरी मन निःशंक होत नाही. पण त्याच दिवसांत दोडका, पडवळ, दुधी, भेंडी, गवार वेलीला आणि झाडाला लगडलेली असते. ऋतू एक दार लावतो तेव्हा दुसरं उघडून ठेवतो.

बटाट्याची उणीव आपल्या स्वयंपाकघराने कच्च्या केळ्याने भरून काढली, आणि केळं तर आपल्याच मातीतलं, फार जुनं. केळी सालासकट उकडा, गार झाल्यावर सोलून फोडी करा. तेलात मोहरी, जिरं, हिंग, हळद, कढीपत्ता आणि हिरवी मिरची घाला. त्यात फोडी परतून मीठ, लिंबू, वर ओलं खोबरं. सूर्यास्ताआधीच्या जेवणाला गरम पोळीबरोबर ही भाजी पुरेशी होते.

गच्चीवर जागा असेल तर या पावसाळ्यात मुलांच्या हातानेच एक दुधीचं आणि एक भेंडीचं बी लावा. भुईमुगाचे चार दाणेही लावा. आऱ्या मातीत शिरताना त्यांनी स्वतः पाहिली, की ग्रंथातली ती खूण त्यांना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.